टीव्हीचा लाल दिवा नुसता लुकलुकतो: कपॅसिटर ८५ चा लावू की १०५ चा?

खाडीकाठ (वेंगुर्ला):
पाऊस लागल्यापासून एलईडी टीव्हीचा लाल दिवा लुकलुकतो, चित्र येत नाही. मागचं झाकण काढलं तर पॉवर बोर्डवर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर डोक्यावर फुगलाय. बाजारात ३५ व्होल्टचा मिळाला, पण त्यावर ८५ डिग्री आहे, जुन्यावर १०५. चालेल काय? चतुर्थीला मुंबईची मंडळी येतील, त्याआधी टीव्ही लागायला हवा.

सोल्डरवाला (मालवण):
३५ व्होल्ट चालेल. व्होल्टेज जास्त चालतं, कमी मुळीच नको. मायक्रोफॅरड मात्र तेवढेच. ८५ चा घेऊ नका, हीटसिंकशेजारी (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीशेजारी) तो टिकत नाही. १० अंश उष्णता वाढली की आयुष्य साधारण निम्मं होतं. कुडाळला १०५ चा, 'लो ईएसआर' (आतला रोध कमी असलेला) म्हणून मागा.

आता नीट वाचा. त्याच बोर्डवर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला मोठा कपॅसिटर असतो. त्यात सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही राहू शकतं. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. होल्डरमधल्या १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या वायरी त्याच्या दोन पायांना टेकवा, मग मीटरवर शून्य बघा. त्याआधी बोर्डला हात लावू नका, कळकळीने सांगतोय.

जुना काढलात की खालची जागा बघा. आपल्या खाऱ्या हवेत बोर्डवर हिरवट बुरा धरतो, त्यात कपॅसिटर गळला असेल तर तपकिरी चिकट डागही असतो. त्यावरच नवा बसवला तर ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) खाल्ला जातो आणि सेट परत दुकानात येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या. कपॅसिटरवरच्या पट्ट्याची बाजू निगेटिव्ह, उलटा लावला तर फुटेल. शेजारचेही बदला, न फुगतासुद्धा ते आतून सुकलेले असतात.

आंबेमोहोर (गुहागर):
आमचा पंखा हळू फिरतो. त्याचा कपॅसिटर २.५ मायक्रोफॅरडचा आहे, फुगलेला दिसत नाही.

सोल्डरवाला:
तो वेगळा, ४४० व्होल्ट एसीचा, त्याला प्लस-मायनस नाही. बहुतेकदा बाहेरून काही कळत नाही, आतली क्षमता घटते. मीटर २ च्या खाली दाखवत असेल तर बदला.

खाडीकाठ:
१०५ चा आणला. बल्ब टेकवला तेव्हा चमकून विझला! शेजारचा ४७० चाही बदलला. टीव्ही लागला. बोर्डवर लॅकर मारू काय?

सोल्डरवाला:
मारा, पण प्लग काढून, आणि कनेक्टर नि हीटसिंक वगळून. पूर्ण वाळल्यावरच झाकण लावा.