महाराष्ट्राला समता वारीने शिकवली की बोर्डिंगने?

कृष्णाकाठचा
आषाढी जवळ आली की दरवर्षी तेच वाचायला मिळतं: महाराष्ट्राचं मन वारकरी संप्रदायाने घडवलं, समता आपल्या मातीतच आहे. पहिलं विधान मला मान्य आहे. दुसरं अजिबात नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, म्हणजे देवळाबाहेर. त्यांचे अभंग सहाशे वर्षं गायले गेले आणि त्यांच्या जातीच्या माणसाला १९४७ पर्यंत आत पाऊल टाकता येत नव्हतं. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यात काही वावगंही वाटलं नाही.

आता कोल्हापूरला या. १९०८ च्या सुमाराला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन येतो. जेवणघरात यायचं तर आधी आंघोळ कर, असं त्याला सांगतात. तो ऐकत नाही आणि बोर्डिंग सोडावं लागतं. याच भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. चूल एक, पंगत एक, कामं सगळ्यांना. शाहू महाराजांची बोर्डिंगं बहुतेक जातवार होती. त्या काळात मुलं शाळेपर्यंत आणायची तर तोच रस्ता होता. भाऊरावांनी पुढची पायरी गाठली. बोर्डिंगात दाणे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकलं.

रोज शेजारी बसून जेवल्याने जे अंगात मुरतं ते वर्षानुवर्षं कीर्तन ऐकून मुरलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

माळकरी
दादा, वारी चाललाय का कधी? तिथं म्हातारा माणूस नातवाच्या वयाच्या पोराच्या पायावर डोकं ठेवतो आणि पोरगं त्याच्या. दोघं एकमेकांना माउली म्हणतात, आडनाव कोण विचारत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, एकमेकाच्या तोंडात घास घालतात. तुमच्या बोर्डिंगात किती पोरं होती? इथं लाखो माणसं चालतात.

आणि ४७ सालचं सांगायचं तर पुरतं सांगा. साने गुरुजी उपोषणाला बसले ते तनपुरे महाराजांच्या मठात. वारकऱ्याचाच ना तो मठ? देऊळ अडवलं होतं तिथल्या पुजाऱ्यांनी, बडव्या-उत्पातांनी. त्यांचा वंशपरंपरेचा हक्क काढायला १९७३ चा कायदा लागला आणि २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. त्यांच्या पापाची पावती आमच्या नावावर फाडू नका.

कृष्णाकाठचा
तनपुरे महाराजांना माझाही नमस्कार. पण उपोषणाची वेळ आली कशाला? त्याआधी कित्येक महिने गुरुजी गावोगाव फिरले, विहिरी आणि देवळं उघडा म्हणून विनवण्या केल्या. नंतर १ मेपासून दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा दार हललं. इतक्या लाखांचा संप्रदाय ठामपणे मागे उभा असता तर एका मास्तराला जीव पणाला लावावा लागला नसता.

काल्याचं म्हणाल तर तो एक दिवसाचा. वाटेवर दिंडीदिंडीत स्वयंपाक कोणाच्या हातचा चालायचा आणि कोणाचा नाही, हे जुन्या माणसांना विचारा.

मिलिंद परिसर
तुम्ही दोघं भांडताय ते आम्हाला समता कोणी दिली यावर. कोणीच दिलेली नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं ते त्यानंतर.

पण कृष्णाकाठचे, प्रश्न तुमच्यासाठीही आहे. सगळं शाळेने होत असतं तर १९४६ ला सिद्धार्थ आणि १९५० ला इथलं, औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय काढून बाबासाहेब थांबले असते. घटनाही लागू झाली होती. तरी १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारला. शिक्षणाचा त्यांच्याइतका आग्रह कोणी धरला नसेल, आणि त्याच माणसाला नीतीसाठी धम्म हवा वाटला. याचं उत्तर बोर्डिंगच्या पंगतीत नाही. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. दीक्षेनंतर तिने घरातले देव उतरवले आणि पाठोपाठ थोरल्या मुलीचं नाव शाळेत घातलं. तिच्या लेखी ते एकच काम होतं.

तिरकस
शाळेच्या परिपाठात श्रमप्रतिष्ठा म्हणून एक मूल्य असायचं. आमच्या वर्गात ते ठरावीक दोन मुलांच्या वाट्याला यायचं, झाडू त्यांच्याकडे. बाकीच्यांच्या वाट्याला वक्तशीरपणा.

अनघा
तिरकस, हसले, पण हसण्यासारखं नाही ते.

शिक्षणाचे गोडवे गाणाऱ्यांनी जनगणना बघावी. राज्याची साक्षरता २००१ मध्ये ७७ टक्क्यांच्या आसपास होती, २०११ मध्ये ८२ च्या वर गेली. त्याच दहा वर्षांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण दर हजार मुलांमागे ९१३ वरून ८९४ वर आलं. बीड जिल्हा ८०७. आणि शाहू महाराजांचं कोल्हापूर, जिथे १९१७ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, ते २००१ मध्ये ८३९ वर होतं. कमी शिकलेला, आदिवासी गडचिरोली जिल्हा यात कोल्हापूरच्या कितीतरी पुढे.

सोनोग्राफी अडाणी माणूस करत नाही. त्या खोलीत आपल्या समाजातला सगळ्यात जास्त शिकलेला माणूस बसलेला असतो, आणि गर्भलिंग तपासणी करून घ्यायला येणाऱ्यांत पदवीधर कमी नसतात. मुलगी नको हे त्यांना कीर्तनात कोणी सांगितलं नव्हतं आणि शाळेतही नाही. ते घरात शिकले. शेतीची वाटणी आणि हुंडा यांतून शिकले. तुमच्या दोघांच्या वादात घर कुठेच नाही, याचं मला नवल वाटतं. बाई असते तर आधी तिथेच बघितलं असतं तुम्ही.

शिरोळकर
अनघाताई, आकडे बरोबर. पण आमच्याच तालुक्यातलं हेरवाडही सांगा की. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. महिना उलटायच्या आत सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कोणा महाराजांनी सांगितलं नव्हतं आणि धड्यातही नव्हतं. गावाने बसून ठरवलं. ठरावाने सगळं बदललं असं म्हणणार नाही, पण आता बांगड्या फोडायला पुढे येणारीला चारचौघांत विचारता येतं.

निवृत्त हेडमास्तर
कीर्तन विरुद्ध शाळा ही मांडणीच मला कच्ची वाटते. गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. त्यांची कीर्तनं काय होती? कर्ज काढू नका, देवाला कोंबडं-बकरं कापू नका, ताट मोडा पण पोरांना शिकवा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली. रयतचं कऱ्हाडचं महाविद्यालय आजही गाडगे महाराजांच्या नावाने आहे. भाऊरावांना गावोगाव धान्य घातलं ते कोणी? माळ घातलेल्या शेतकऱ्यांनीच बहुतेक.

माझी काळजी वेगळी आहे. कृष्णाकाठचे म्हणतात ती एकत्र बसण्याची जागा शाळेत तरी उरली आहे का? मी नोकरीला लागलो तेव्हा पाटलाचा, सुताराचा आणि मजुराचा मुलगा एका बाकावर असायचे. आता पाटलाचा मुलगा पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नाही ते. खाजगी शाळांत गरिबांसाठी २५ टक्के जागा आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला त्यातून सूट दिली. जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला म्हणून वाचलं. त्या वेळी ना वारकऱ्यांच्या फडातून आवाज उठला, ना शिकल्यासवरल्या पालकांच्या सोसायट्यांतून. उलट खाजगी शाळांच्या पालकांत सुटकेचा सूर मी स्वतः ऐकला आहे.

आणि अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्याला केळं. त्यावर काही वारकरी आणि जैन मंडळींनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी थांबवला आणि द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या असं शाळांना सांगितलं.

माळकरी
गुरुजी, बाकी सगळं पटलं. अंड्याचं नाही. माळ घातलेल्या घरातलं पोर आहे, पंगतीत बसतंय, शेजारच्या ताटात अंडं. त्याला किळस आली तर दोष कुणाचा? सरकारी पैशाने चालणाऱ्या ताटात सगळ्यांना चालेल तेच वाढावं.

कृष्णाकाठचा
त्याला केळं होतंच की. त्याच्या ताटात कोणी काही घातलं नव्हतं. शेजारच्याने काय खायचं हे मी ठरवणार, ही माळेची शिकवण आहे का? आडनाव विचारत नाही म्हणालात ना वर? मग ताट तरी का बघायचं?

माळकरी
मी ताट बघत नाही. पोर बघतंय, त्याचं सांगतोय. घरात तुळशीची माळ आणि शाळेत वेगळंच, मग त्याने ऐकायचं कुणाचं?

अनघा
दोघांचंही ऐकेल आणि स्वतः ठरवेल. मुलं तेच करतात. आपल्यालाच ते सोसत नाही.

मिलिंद परिसर
तात्त्विक चर्चा चालू द्या, मी हिशोबाचं बोलतो. लोकवर्गणी म्हणजे ज्या गावात पैसा आहे तिथल्या पोराला अंडं आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोराला नुसती खिचडी. आमच्या गावात वर्गणी गणपतीला निघते, हरिनाम सप्त्याला निघते, जयंतीलाही निघते. शाळा व्यवस्थापन समितीने उद्या अंड्यासाठी वही फिरवली तर पहिलं नाव कोण घालणार? माळकरी, तुम्हीच सांगा.

माळकरी
केळ्याच्या पानावर माझं नाव घाला, पाचशे रुपये. अंड्याचं पान तुम्ही उघडा. वही मात्र एकच ठेवा.