मदत हवी आहे: बॉक्सिंगमध्ये एक हूक (कडेने येणारा ठोसा) बसला की पाय जातात, हनुवटी मजबूत कशी करायची?

तिसरा_राउंड:
सरळ विचारतो. जिममध्ये सगळे म्हणतात तुझी हनुवटी काचेची आहे. स्टॅमिना आहे, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) बरा आहे, पॅडवर कोच खूश असतात, पण कुणाचा एक नीट ठोसा बसला की पाय लटपटायला लागतात आणि पुढचे दहा-पंधरा सेकंद मी कुठे असतो मलाच कळत नाही. समोरचा माझ्यापेक्षा जास्त मार खातो आणि हसत उभा राहतो, डोकं फिरतं राव. ठोसे झेलायची ताकद वाढवायचे व्यायाम सांगा. मानेचे, जबड्याचे, जे असतील ते. "बचाव सुधार" हे सांगू नका, ते माहितीये. लवकर हवंय, वेळ कमी आहे.

लोखंडी_मान:
मान, मान आणि मान. बाकावर उताणा झोप, डोकं बाहेर काढ, कपाळावर टॉवेल ठेवून त्यावर प्लेट, सावकाश वर-खाली 20 वेळा. मग पालथा, मग दोन्ही कुशींवर. टायसनची मान बघितलीस का कधी? डोकं संपतं कुठे आणि खांदा सुरू होतो कुठे ते कळत नाही. ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं, ते फिरणं मानेने अडवायचं, विषय संपला. मी आठ महिने करतोय. शर्टाचं वरचं बटण लागत नाही पण ठोसेही लागत नाहीत.

जुना_भिडू:
तीच मान घेऊन टायसन 11 फेब्रुवारी 1990 ला टोकियोत दहाव्या राउंडला रिंगमध्ये रांगत स्वतःचा माउथगार्ड शोधत होता, बस्टर डग्लसने घातलेल्या ठोशांनंतर. मानेचा उपयोग नाही असं म्हणत नाही, पण "विषय संपला" वगैरे नको.
प्रश्न विचारणाऱ्या भावा, तू काहीच सांगितलेलं नाहीस. वय किती? किती वर्षं खेळतोस? स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) होतंय की बाउटमध्ये (स्पर्धेच्या लढतीत)? ग्लोव्ह्ज किती औंसचे? ठोसा दिसलेला असतो की न दिसलेला? आणि वेळ कमी म्हणजे कशाला कमी?

तिसरा_राउंड:
22. दोन वर्षं. स्पारिंग. 16 औंस. डावा हूक. बाकीचं इतकं महत्त्वाचं आहे का? व्यायाम सांगा ना.

पॉवरपंच:
मित्रा तू उलटा विचार करतोयस. तू इतक्या जोरात मार की समोरचा हूक मारायला आत येणारच नाही. मागच्या पायाची टाच फिरव, कंबर आधी आणि हात नंतर, बॅगवर रोज 100 उजवे सरळ ठोसे. दोन महिन्यांत फरक दिसेल.

तिसरा_राउंड:
मारायचं विचारलंच नाहीये.

चौथी_दोरी:
कटू बोलतो पण हनुवटी जन्माला येताना मिळते, विकत किंवा कमवून मिळत नाही. जॉर्ज चुवालो बघा. 93 प्रोफेशनल लढती, दोनदा अली, शिवाय फ्रेझियर आणि फोरमन, आणि आयुष्यात एकदाही खाली पडला नाही. 1967 ला फ्रेझियरशी आणि 1970 ला फोरमनशी लढत थांबवावी लागली, पण माणूस पायांवर उभा. अशी हनुवटी कुठल्या व्यायामाने येते सांगा. हॅगलरचंही तेच, त्याची कवटीच जाड होती म्हणतात. लामोटा पण कधी पडला नाही.

जुना_भिडू:
लामोटा पडलाय. 31 डिसेंबर 1952, डॅनी नार्डिको. शुगर रे रॉबिन्सनने 1951 मध्ये तेराव्या राउंडपर्यंत धुतला तेव्हा पडला नव्हता, ती लढत सगळ्यांच्या लक्षात राहते आणि मग "कधीच नाही" असं पसरतं.

चौथी_दोरी:
तेव्हा त्याचा उतरता काळ होता, ते धरायचं का?

जुना_भिडू:
पडला तर पडला. "कधीच" तू लिहिलंस.

कोपऱ्यातला_स्टूल:
लामोटाला बाजूला ठेवा रे. क्लिट्श्कोचं उदाहरण इथे जास्त कामाचं आहे, धाकटा, व्लादिमिर. 2003 ला कोरी सँडर्सने आणि 2004 ला लॅमन ब्रूस्टरने त्याला संपवला तेव्हा सगळे हेच म्हणाले होते, काचेची हनुवटी. मग कोच इमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखाली त्याने लांबून जॅब आणि जवळ आलास की मिठी असा खेळ बसवला आणि 2006 पासून 2015 पर्यंत विजेतेपदाचा बेल्ट सोडला नाही. हनुवटी तीच होती, फक्त तिच्यापर्यंत पोचणं अवघड झालं. बघायला रटाळ, मान्य. तिसऱ्या राउंडवाल्या, स्पारिंगचा व्हिडिओ असेल तर बघ, पडायच्या आधीचे दोन सेकंद अगदी स्लो करून.

तिसरा_राउंड:
म्हणजे परत बचावच. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं ते नको म्हणून.

रिंगबाजूची:
मी हौशी स्पर्धांना रिंगजवळ डॉक्टर म्हणून बसते. तुला पडायच्या नंतरचं विचारायचंय. गेल्या महिन्याभरात असं किती वेळा झालं? त्या दिवशी किंवा नंतर डोकं दुखलं का, मळमळ, उजेड सहन न होणं, झोप बिघडणं, उगाच चिडचिड? आणि वजन उतरवतोयस का?

हेडगार्ड_प्रेमी:
एवढी चर्चा कशाला, चांगलं जाड हेडगार्ड घ्यायचं.

लोखंडी_मान:
हेडगार्डने काही होत नाही. पुरुषांच्या वरच्या पातळीवरच्या हौशी स्पर्धांतून 2013 लाच काढलं, रिओ ऑलिंपिकला 2016 मध्ये पुरुष बिनहेडगार्डचे खेळले.

हेडगार्ड_प्रेमी:
आणि भुवया फाटल्या सगळ्यांच्या. बायकांचं मात्र ठेवलं, मग त्यांचं का ठेवलं?

रिंगबाजूची:
हेडगार्ड कातडी वाचवतं, भुवई, कान, सूज. आतलं डोकं हलायचं ते हलतंच, वर डोकं थोडं मोठं आणि जड होतं, कडेने नजरेलाही अडतं. स्पारिंगला घालायचंच, पण ते घातलंय म्हणून जास्त मार खायला मोकळे असं नाही. तिसरा_राउंड, उत्तर राहिलं तुझं.

तिसरा_राउंड:
दोनदा. एकदा साधारण महिन्यापूर्वी आणि एकदा त्यानंतर दहा दिवसांनी. मधे एकदा नुसतं चक्करल्यासारखं झालं, ते धरत नाही. संध्याकाळी डोकं दुखतं हल्ली पण ते पाणी कमी पितोय म्हणून असणार, तीन आठवड्यांनी बाउट आहे आणि अजून 4 किलो उतरवायचेत. म्हणून तर घाई आहे. कोच म्हणाले मार खाऊन खाऊन सवय होते, मग लागत नाही.

जुना_भिडू:
हे सगळं पहिल्या पोस्टमध्ये नको होतं का रे बाबा??

रिंगबाजूची:
आजपासून स्पारिंग बंद. बाउट पण विसर. रागवायचं तर रागव.
काय होतं ते सांगते. मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगतो आणि मऊ असतो. सरळ नाकावर आलेल्या ठोशाने डोकं मागे जातं, पण हूक हनुवटीच्या टोकाला कडेने लागतो तेव्हा हनुवटी एखाद्या दांडीसारखी काम करते आणि डोकं मानेभोवती झटक्यात फिरतं. कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि आतले धागे पिळले जातात, ताणले जातात. पाय जातात ते त्यामुळे, पायांमध्ये काही दोष नसतो. कवटी जाड असून इथे काही फायदा नाही, तडा जात नाही इतकंच. "काच" वगैरे तुमच्या भाषेतला शब्द आहे, आमच्याकडे याला कन्कशन म्हणतात, आणि तुला ते दहा दिवसांच्या अंतराने दोनदा झालेलं दिसतंय, "धरत नाही" म्हणालास ते धरलं तर कदाचित तीनदा. पहिलं पूर्ण बरं व्हायच्या आत दुसरं बसलं तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते, विशेषतः तरुण मुलांमध्ये, आणि त्यात जीव जातो. क्वचित होतं, पण झालं की हातात वेळ उरत नाही.
सवय होते हे साफ खोटं. ठोसा दिसला तर घाबरायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, याची सवय होते, ती चांगली. मेंदूला पिळवटून घ्यायची सवय होत नाही, एकदा झालं की पुढच्या वेळी कमी ठोशात होण्याची शक्यता वाढते. जिममध्ये तुझी हनुवटी "काचेची" झालीये ती बहुतेक याच महिन्यात.

तिसरा_राउंड:
आधी मी खरंच एवढा पडत नव्हतो. गेल्या वर्षी तर एकदाच.

चौथी_दोरी:
पण ताई, अलीने 1974 ला किन्शासात दोरीला टेकून सात राउंड फोरमनचे ठोसे खाल्ले आणि आठव्यात त्याला पाडलं. म्हणजे झेलण्याची कला असतेच की.

कोपऱ्यातला_स्टूल:
ती लढत परत बघ. बरेचसे हातांवर आणि दंडांवर घेतलेत, डोकं मागे झुकवून दोरी ताणून ठोशाचा जोर काढून घेतलाय, मधूनच गळ्याला पकडून लोंबकळलाय. उभं राहून हनुवटीवर नाही खाल्ले.

रिंगबाजूची:
आणि 1984 ला त्याला पार्किन्सन्सचं निदान झालं, तेही त्याच गोष्टीत धरा. कुठल्या ठोशामुळे ते कुणी सांगू शकत नाही. पण वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाल्लेल्या बॉक्सरांचं अडखळतं बोलणं आणि डुलतं चालणं डॉ. मार्टलँडने 1928 लाच लिहून ठेवलंय, तेव्हापासून हे गुपित नाही.

लोखंडी_मान:
ताई मानेबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. 2014 मध्ये अभ्यास झाला होता, मानेची ताकद एक पाउंडने वाढली की कन्कशनची शक्यता 5 टक्क्यांनी कमी.

रिंगबाजूची:
खरं आहे, पण ती शाळकरी मुलं होती, फुटबॉल, बास्केटबॉल, लॅक्रॉस खेळणारी. बॉक्सिंगचे खेळाडू नव्हते. तरी मान मजबूत हवीच, मीही सांगते. फक्त मान ऐनवेळी आवळलेली असेल तरच उपयोग, म्हणजे ठोसा येतोय हे दिसायला हवं, न दिसलेल्या हुकला मोठी मानही ढिली असते. आणि डोकं दुखत असताना कपाळावर प्लेट ठेवायची नाही. डॉक्टरने मोकळं केलं की मग.
वजनाचंही ऐक. शरीरातलं पाणी काढून 4 किलो घटवलेला मुलगा रिंगमध्ये पाठवणं मला कधीच पटलेलं नाही. प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, पाय जड होतात, ठोसा दिसतो पण डोकं हलत नाही.

जुना_भिडू:
1982 मध्ये मॅन्सिनीशी 14 व्या राउंडपर्यंत लढून किम डक कू जिवानिशी गेला, त्यानंतर विजेतेपदाच्या लढती 15 ऐवजी 12 राउंडच्या झाल्या. मुलगा झेलण्यात पक्का होता, तेच नडलं. जो एका हुकला पडतो त्याची लढत तिथेच थांबवतात, जो पडत नाही तो खातच राहतो. आम्ही जिममध्ये ज्याला "काय हनुवटी आहे" म्हणायचो तो आज एक वाक्य बोलताना मधेच थांबतो आणि आपण काय बोलत होतो ते आपल्यालाच विचारतो. 45 पण नाही वय.

पॉवरपंच:
म्हणून म्हणतो आधी मारा.

कोपऱ्यातला_स्टूल:
तू थांब रे जरा.

तिसरा_राउंड:
चार दिवसांनी लिहितोय. डॉक्टरकडे गेलो. डोळ्यांसमोर बोट फिरवलं, एका पायावर उभं केलं, महिने उलटे म्हणायला लावले, मी ऑगस्टनंतर जुलै सोडून जूनवर गेलो आणि मला कळलंही नाही, ते ऐकून जरा हाललो. आता स्पारिंग बंद, हळूहळू चालणं-सायकल, लक्षणं नसतील तर पुढची पायरी, बाउटचं नाव काढून घेतलं. कोचना सांगितलं, ते फक्त "बरं" म्हणाले आणि पॅड घेऊन दुसऱ्याकडे गेले.
घरी बसून वेड लागायची पाळी आली म्हणून व्हिडिओ पण बघितला, दोन्ही वेळचा. स्लो करून. मी उजवा सरळ मारतो आणि तो हात परत येताना गालाशी न येता छातीखालून गोल फिरून येतो, पाव सेकंद सगळा उजवा गाल मोकळा. दोन्ही वेळा त्याच फटीतून हूक आलाय. आणि आणखी एक, ठोसा बसायच्या आधी माझ्या माउथगार्डची निळी कड पूर्ण दिसतेय. म्हणजे तोंड उघडं. दमून तोंडाने श्वास घेत होतो.

कोपऱ्यातला_स्टूल:
उघडं तोंड म्हणजे जबडा ढिला, तसा मोडतो पण लवकर. दात आवळून नाकाने श्वास, हे आरशापुढे नुसतं उभं राहून पण करता येतं, डॉक्टर हो म्हणाले की. हात परत यायची सवय शॅडोमध्ये (एकट्याने हवेत ठोसे मारताना) लाव, बगलेत टॉवेल धरून, हात खालून फिरला की टॉवेल पडतो.

चौथी_दोरी:
नार्डिकोची लढत शोधून बघितली. पडलाय लामोटा. ठीक आहे.

तिसरा_राउंड:
टॉवेलचं करतो. लोखंडी_मान, तुझी ती प्लेट किती किलोची असते?

लोखंडी_मान:
अडीचने सुरू केली होती. पण आत्ता नाही, आधी ताईंना विचार.