जठर स्वतःच का पचत नाही?
जठरातलं अ‍ॅसिड मटण पचवतं तर जठर का नाही पचत, हा प्रश्न मस्तच आहे. उत्तर म्हणजे आतलं श्लेष्मल अस्तर, त्याच्या पेशी चिकट बुळबुळीत थर सोडतात आणि त्यात बायकार्बोनेट असतं, खायच्या सोड्यात असतं तेच, त्यामुळे पोकळीत पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र, ७ म्हणजे पाण्यासारखं) १-२ असला तरी पेशींच्या लगत तो ७ च्या आसपास राहतो. शिवाय वरच्या पेशी काही दिवसांतच बदलतात. पण पेनकिलर रोज खाणाऱ्यांनो प्लीज जपा, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन कमी करतात आणि हा थर टिकतो तो त्याच्याच जोरावर, माझ्या काकांना गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळ्यांनीच अल्सर झाला, घरचे मात्र तिखटाला दोष देत बसलेले. अल्सरचं दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी तो जंतू चक्क स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं.