इलिओस्टॉमी नवी आहे, त्याच अनुभवातला माणूस कुठे भेटेल?

बाबांच्या लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून मळासाठी पिशवी लावलीय (इलिओस्टॉमी), घरी आणून १५ दिवस झाले. पिशवी धरणारी चिकट प्लेट दुसऱ्याच दिवशी सुटते, कातडी लाल झालीय. यातून गेलेल्या कुणाशी तरी बोलायचं म्हणतात. कुठे विचारू?

उत्तर १: मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा रुग्णांसाठीची संस्था आहे. शिवाय सर्जरी विभागातल्या स्टोमा (पोटावरचं आतड्याचं तोंड) सांभाळायला शिकवणाऱ्या नर्सला विचारा, जुने रुग्ण तिच्या ओळखीचे असतात. फक्त माणूस इलिओस्टॉमीचाच मागा. कोलोस्टॉमीवाल्याचा (मोठ्या आतड्याचं तोंड काढलेल्याचा) मळ घट्ट, त्याचे सल्ले इथे फसतात. बोलणं बाबांनाच करू द्या, तुम्ही जरा बाहेर बसा. झोप, प्रवास, बायकोशी जवळीक हे मुलासमोर कोण विचारणार?

उत्तर २: प्लेट बहुधा तिच्यात स्टोमासाठी कापलेल्या भोकामुळे सुटतेय. पहिले ६ ते ८ आठवडे सूज उतरते, स्टोमा लहान होतो, आणि आपण जुन्याच मापाने कापत राहतो. उघड्या राहिलेल्या कातडीवर पातळ मळ येतो, त्यातल्या पाचक रसांनी ती सोलते. ओल्या कातडीवर प्लेट धरत नाही. दर आठवड्याला माप घ्या, भोक स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं. धुवायला नुसतं कोमट पाणी. तेल, क्रीम नको. प्लेट सकाळी उपाशीपोटी बदला, लावून मिनिटभर तळहाताने दाबून धरा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा.

उत्तर ३: लघवी कमी आणि गडद झाली, चक्कर आली, तर डॉक्टरांना लगेच कळवा. स्टोमा काळा-जांभळा दिसला तर थेट हॉस्पिटल.