प्रतिसाद: दोन दिवसांच्या ट्रेनिंगनं जिओजेब्रा येतं का?

ताई, दोन दिवसांत शिक्षक जिओजेब्रा (कंप्युटरवर भूमितीच्या आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर) शिकतात हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत गणित शिकवतो, आमचं ट्रेनिंग सगळं कन्नडमधे, समोर प्रोजेक्टर आणि आम्ही नुसतं बघत बसलो, माऊसला हातपण लागला नाही. खरं शिकलो ते घरी, त्रिकोणाचा एक शिरोबिंदू धरून ओढत गेलो, तिन्ही कोन बदलतायत पण बेरीज १८० च, वर्गात तेच दाखवलं तर मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, सर अजून चपटा करा की! जिओजेब्रा फुकट आहे, एकदा इन्स्टॉल केलं की रेंज नसली तरी चालतं. ट्रेनिंगमधे प्रत्येकाकडनं एक धडा बसवून घ्या आणि महिन्यानं परत बोलवून काय अडलं ते विचारा.