मदत हवी आहे: पॉडकास्ट एडिटिंगचे दर मिनिटावर लावावेत की एपिसोडवर?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहतो, दोन वर्षांपासून घरूनच मराठी पॉडकास्टचं एडिटिंग करतोय. सध्या तीन नियमित क्लायंट आहेत. काम मनापासून आवडतं, पण दराचं गणित काही केल्या बसत नाहीये.

आत्तापर्यंत तयार एपिसोडच्या मिनिटावर पैसे घेत आलो. अडचण अशी की ४० मिनिटांच्या एपिसोडसाठी कधी ५५ मिनिटांचं रेकॉर्डिंग येतं, तर कधी पावणेदोन तासांचं. जितकं जास्त कापावं लागतं तितकी मेहनत जास्त आणि पैसे तेवढेच! गेल्या आठवड्यातली मुलाखत पंखा चालू ठेवून एकाच माइकवर घेतली होती. पाहुण्या आजी मधेच थांबून श्वास घ्यायच्या, मग हळू आवाजात पुढचं सांगायच्या. पंख्याची घरघर काढायला नॉइज रिडक्शन थोडं वाढवलं की त्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा. शेवटी तुकड्या-तुकड्यानं हातानं केलं, दोन रात्री गेल्या. त्यांचे ते थांबे मी कापले नाहीत, बोलण्याचा जीव त्यातच होता.

लाउडनेस (एपिसोडच्या आवाजाची एकूण पातळी) ॲपल पॉडकास्ट्सच्या शिफारशीप्रमाणे उणे १६ LUFS (लाउडनेस मोजायचं एकक) ला ठेवतो, त्यात अडचण नाही.

कच्च्या रेकॉर्डिंगच्या मिनिटावर दर लावणारं कुणी आहे का? जुन्या क्लायंटना दरवाढ कशी सांगितलीत? आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरता? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.