विषय: सोमवार-मंगळवारची थंडी, लाइट गेले तर?

शनिवार, 18 जानेवारी 2025, पेअरलँडहून

नमस्कार मंडळी,

सोमवारी रात्रीपासून इथे टेक्ससमध्ये, ह्यूस्टन-गॅल्व्हस्टन भागात बर्फ सांगितलाय. जुलैत बेरिल वादळात लाइट गेले तेव्हा आम्ही इथेच होतो, पण तो उकाडा होता, तो आपल्याला ठाऊक असतो. थंडीत लाइट गेले तर काय करायचं, काहीच कल्पना नाही. सध्या पुण्याहून आई-बाबा आलेत. बाबांना इन्सुलिन आहे. आई म्हणते, वेळ आलीच तर बार्बेक्यूचे कोळसे घमेल्यात पेटवून खोलीत ठेवू, गावी शेगडी असायचीच. आमची स्वयंपाकाची शेगडी गॅसची आहे आणि हीटिंगही गॅसवरच, म्हणजे लाइट गेले तरी हीटिंग चालू राहील ना?

---

शनिवार, 18 जानेवारी, शुगरलँडहून

ताई,

सगळ्यात आधी कोळशाचं. आईंना माझा नमस्कार सांगा आणि कोळसे घरात आणू देऊ नका. पेटलेले नाहीत आणि विझत आलेलेही नाहीत. गावच्या कौलारू घरात चहूकडून हवा खेळते, म्हणून शेगडी चालून जायची. इथली घरं एसीसाठी फटी बुजवून बांधलेली. त्यात कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं थंडीनेच झोप येतेय. फेब्रुवारी 2021 च्या कडाक्याच्या थंडीत लाइट गेले, तेव्हा ह्यूस्टन परिसरात शेकडो लोक या विषबाधेने दवाखान्यात गेले. त्यात घरात ग्रिल पेटवणारे होते, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेत बसणारेही होते. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी तो धोका टळत नाही. फोन गाडीत चार्ज करायचा असेल तर गाडी बाहेर रस्त्यालगत काढा. गॅसची शेगडी स्वयंपाकापुरतीच लावा, खोली तापवायला नको. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म नसेल तर आजच आणा. उद्या दुकानात मिळेल याची खात्री नाही.

आता हीटिंगचं. गॅस फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, गरम हवा घरभर फिरवणारा पंखा विजेवर चालतो. लाइट गेले की गॅस असूनही हीटिंग बंद. शेगडी मात्र काडीने पेटते.

2021 ला नेमकं काय झालं ते नव्या मंडळींनी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण तेव्हा इथे राहणाऱ्यांनाही पहिल्या रात्री वाटलं की तासा-दोन तासांत लाइट येतील. महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगला वेळापत्रक असायचं, आपण त्याप्रमाणे पिठाची गिरणी गाठायचो. इथेही आळीपाळीने वीज कापायची असं ठरलं होतं. पण 15 फेब्रुवारीच्या पहाटे एकच्या सुमारास वीजकेंद्रं धडाधड बंद पडू लागली. गॅसच्या विहिरी आणि पाइपलाइनी गोठल्या होत्या, आणि काही ठिकाणी गॅस पुरवणाऱ्या यंत्रणेचीच वीज कापली गेली, त्यामुळे गॅस आणखी आटला. ग्रिडची, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांच्या एकत्र जाळ्याची, वारंवारिता (विजेचा ठेका, तो कायम सारखा राहावा लागतो) 60 हर्ट्झवरून 59.4 च्या खाली गेली आणि चार मिनिटांहून जास्त वेळ तिथेच राहिली. ती नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेली केंद्रंही आपोआप बंद पडली असती आणि अख्खं ग्रिड कोसळलं असतं. ते वाचवायला कमाल 20,000 मेगावॅटपर्यंत मागणी तोडली, म्हणजे तेवढ्या ग्राहकांची वीज कापली. दवाखान्यांच्या वीजवाहिन्या तोडता येत नाहीत, मग आळीपाळी करायला वाहिन्याच उरल्या नाहीत. ज्यांचे लाइट गेले त्यांचे कित्येक दिवस आलेच नाहीत. टेक्ससचं ग्रिड शेजारच्या राज्यांपासून बहुतांशी वेगळं असल्याने बाहेरून फारशी वीज आणता आली नाही. एल पासो दुसऱ्या ग्रिडवर आहे, ते त्यामानाने बरंच सुखरूप राहिलं.

राज्याच्या अधिकृत मोजणीत 246 माणसं गेली. त्यातली 161 थंडीने, 19 कार्बन मोनॉक्साइडने, 10 आगीत. दहा वर्षं आधी, 2011 च्या थंडीनंतर, यंत्रं थंडीसाठी सज्ज करा अशी शिफारस झाली होती. ती सक्तीची व्हायला 2021 चा कायदा यावा लागला, याचा मला आजही राग येतो.

या वेळी लाइट जातीलच असं नाही. पण तयारी रविवारी संध्याकाळपर्यंत उरका. सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं, शक्यतो कमी खिडक्यांच्या. दाराखाली टॉवेल, खिडकीवर गोधड्या. आई-बाबांना कानटोपी आणि लोकरीचे मोजे रात्रीही. मेणबत्त्यांऐवजी टॉर्च. दूध-भाजी बाहेर पॅटिओवर टिकेल, पण इन्सुलिन बाहेर किंवा गाडीत अजिबात ठेवू नका. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. रात्री फार गारठा पडला तर बाबांच्या अंगाजवळ, आतल्या खिशात असू द्या.

पाण्याबद्दल कुणी पाइपवाल्या अनुभवी माणसाने लिहावं.

---

रविवार, 19 जानेवारी, गॅल्व्हस्टनहून

मी लिहितो. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, नळी चिरते, पण कळतं ते बर्फ वितळल्यावर, छतातून धार लागली की. ह्यूस्टनकडे बऱ्याच घरांत नळ्या माळ्यावरून जातात, आमच्या बेटावर खांबांवरच्या घरांखाली उघड्या लोंबतात. दोन्हीकडे वाऱ्याची थेट गाठ. लाइट असेपर्यंत नळ थेंब थेंब सोडा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. लाइट गेले आणि घर गारठू लागलं की मेन व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडून नळ्या रिकाम्या करा. त्याआधी बादल्या आणि टब भरून घ्या. व्हॉल्व्ह कुठे आहे ते आज उजेडात शोधा आणि एकदा फिरवून बघा, गंजून अडकलेले असतात.

2021 ला पाण्याचा दाबही गेला आणि ह्यूस्टनला 17 ते 21 फेब्रुवारी पाणी उकळून प्यायचा आदेश होता. विजेची शेगडी असलेल्यांनी उकळायचं कशावर? म्हणून प्यायचं पाणी आत्ताच भरून ठेवा.

त्याच आठवड्यात दक्षिणेला साउथ पाद्रे बेटावर गारठलेली हजारो समुद्री कासवं लोकांनी आपल्या गाड्यांतून, बोटींतून आणून कन्व्हेन्शन सेंटरच्या फरशीवर ठेवली होती. त्यांना जगवायला किती माणसं राबली, ते आठवलं की अजून भरून येतं.

---

रविवार, 19 जानेवारी, मंडळाच्या कार्यकारिणीकडून

मंगळवारचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या, म्हणजे 4 फेब्रुवारीच्या आत दुसऱ्या दिवशी घेऊ. उड्डाणपुलांवर आधी बर्फ धरतो आणि तो दिसत नाही, कृपया कुणी निघू नका. कार्यक्रमासाठी केलेले तिळगूळ आणि चिवडा ज्यांच्या घरी आहेत त्यांनी शेजारी एकट्या राहणाऱ्या काका-काकूंना आजच पोचवावेत.

भागवार यादी करतोय. कुणाकडे गॅसची शेगडी, कुणाकडे जनरेटर, कुणाकडे ज्येष्ठ किंवा तान्हं बाळ, एवढंच कळवा. जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब. भागातल्या एकाने सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. फोन लागला नाही आणि घर पायी जाण्याइतकं जवळ असेल तर जाऊन दार वाजवायचं.

---

रविवार, 19 जानेवारी, पेअरलँडहून

काका, अलार्म मिळाला. व्हॉल्व्ह सापडला, फिरतोय. आईला 19 जणांचं सांगितलं, कोळशाची पिशवी तिनेच अंगणातल्या शेडमध्ये नेऊन ठेवली. आमचं नाव यादीत गॅसवाल्यांत घाला. दिवाणखान्यात आणखी चौघांच्या गाद्या पडतील. आमच्या गल्लीपासून चालत येण्याइतकं जवळ कुणी असेल तर उद्या दुपारपर्यंत फोन करा, म्हणजे आई त्या हिशोबाने खिचडीचं बघेल.